गप्प राहिलं की ब्रेक

९ सप्टेंबर २०२१. चवथीचा आदला दिवस, आमच्याकडे त्याला तय म्हणतात. बाहेरच्या खोलीत बाबा आणि काका माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होते, खाली चटईवर आंबाडे, चिबूड, कवंडाळं, सुपारीचे घड असा सगळा पसारा, आई आतून विचारत होती की नारळ कुठे ठेवलेत, आणि मी आतल्या खोलीचं दार लावून, पाठीमागे कोरी भिंत येईल अशी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले होते, कारण १० वाजता एका कंपनीची नोकरभरतीची ऑनलाइन टेस्ट होती. टेस्ट देशभर एकाच वेळी, त्यांच्या कॅलेंडरमध्ये गणपती १० तारखेला, मग ९ तारखेला गोव्यात, डिचोलीत कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना कुठून कळणार. पावणेदहाला लाइट गेली.

लॅपटॉप दोन तास टिकला असता, प्रश्न राउटरचा होता. पण मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाड्यावर चार-पाच दिवस वीज नव्हती आणि तेव्हापासून बाबांनी एक सोय करून ठेवलेली. जुन्या अडॅप्टरची पिन कापून तिच्या दोन वायरींना चिमटे लावलेले. राउटर १२ व्होल्टवर चालतो आणि ट्रकची बॅटरीही १२ व्होल्टची, प्लस-मायनस तेवढं उलटं व्हायला नको. बाबांनी हातातलं सुंभ काकांकडे दिलं, बॅटरी उचलून आणली, खिडकीखाली ठेवली, चिमटे लावले. राउटरचे दिवे लागले. दाराबाहेरूनच म्हणाले, ‘जालें, आता तू कर.’ आत यायचं नाही हे त्यांना मी दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं, कॅमेऱ्यात दुसरा माणूस दिसला की टेस्ट बंद होते म्हणून.

तो ट्रक तेव्हा तीन वर्षं जवळजवळ उभाच होता. बाबा दर रविवारी तो दहा मिनिटं चालू करून ठेवायचे, म्हणून बॅटरी जिवंत होती.

हे इथूनच सांगायला हवं, कारण माझी प्लेसमेंट आणि तो ट्रक मला वेगळे करता येत नाहीत.

आमच्या तालुक्यात खाण म्हणजे नोकरी, शेती, धंदा सगळंच. ज्याची जमीन त्याचा ट्रक, ज्याचा ट्रक नाही तो दुसऱ्याच्या ट्रकावर ड्रायव्हर, त्याच्या खाली क्लीनर. बाबा क्लीनर म्हणून लागले, मग ड्रायव्हर झाले, मग कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला. खाणीवर माल भरायचा, सारमानसच्या धक्क्यावर उतरवायचा, तिथून तो बार्जने मांडवीतून मुरगावला. पावसाळ्यात काम बंद, ऑक्टोबरला सुरू. २०१२ मध्ये पहिल्यांदा सगळं थांबलं, मी सातवीत होते, मला एवढंच आठवतं की रस्त्यावरची लाल धूळ बसली आणि आई म्हणाली कपडे आता बाहेर वाळत घालता येतील, पण ती हे आनंदाने म्हणत नव्हती. मग पुन्हा थोडं सुरू झालं. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १५ मार्चनंतर खाणी बंद करायला सांगितलं. माझ्या बारावीच्या परीक्षेचे तेच दिवस. घरात कुणीच मला काही बोलत नव्हतं, अभ्यासावर परिणाम होईल म्हणून, आणि त्या न बोलण्यामुळेच सगळं कळत होतं.

पुढे आधीच काढून पडलेला माल ई-लिलावात विकला जायचा, त्याच्या ट्रिपा मधून मधून मिळायच्या, तेवढ्याच.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग का घेतलं याला मोठं कारण नाही. सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळायचे, चुलत दादाला मिळालेला तो आमच्याकडे येऊन पडला होता, मी त्यावर तासन् तास बसायचे. गोवा सीईटीत मार्क बरे पडले, फर्मागुडीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली, फी झेपण्यासारखी होती. बाबा म्हणाले, ‘कॉम्प्युटर बंद पडत नाहीत ना?’ म्हणजे खाणीसारखे, कोर्टाच्या एका निकालाने. मी म्हटलं नाही पडत. अठरा वर्षांच्या मुलीला काय माहीत असतं.

फर्मागुडीचं पठार ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, एका बाजूला गोपाळ गणपतीचं देऊळ, जवळ शिवाजी महाराजांचा पुतळा, आणि त्याच पठारावर त्या काळात तीन इंजिनिअरिंगच्या संस्था. आमचं कॉलेज १९६७ चं, त्याच्याच आवारात २०१० पासून एनआयटी आणि २०१६ पासून आयआयटी, दोघांचे कायमचे कॅम्पस झाले नव्हते म्हणून. एकाच गेटमधून आम्ही सगळे आत जायचो. सेकंड इयरला असताना टाय लावलेली सीनियर मुलं ऑडिटोरियमबाहेर उभी दिसायची, हातात फाइल, ओठ हलतायत, काहीतरी पाठ करतायत. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं ही परीक्षाच आहे, फक्त कपडे वेगळे. हा गैरसमज माझ्या डोक्यात पुढे दोन वर्षं राहिला आणि तो मला चांगलाच महागात पडला.

आमची पाळी आली तेव्हा टाय नाही, ऑडिटोरियम नाही, कोविडमुळे सगळं घरून. पण ते वर्ष भरतीचं होतं. कोविडमध्ये जगाला सगळंच ऑनलाइन हवं झालं, कंपन्यांकडे काम आलं, आणि आहेत ती माणसंही नोकऱ्या बदलत सुटली, काही मोठ्या कंपन्यांत सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं होतं. टीसीएसने एकट्याने २०२१-२२ मध्ये १ लाख फ्रेशर घेतले. प्लेसमेंट सेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन दिवसांनी नवा फॉर्म. दहावी, बारावी, डिग्री तिन्हीत ६० टक्के, एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, चालू नको, एक ऑफर मिळाली की त्याच्या बरोबरीच्या पगाराच्या दुसऱ्या कंपनीला बसायचं नाही. आणि फॉर्मच्या शेवटी नेहमी एक चौकोन, भारतात कुठेही जायची तयारी आहे का. मी तो प्रत्येक वेळी न वाचता टिक केला. सगळेच करायचे. गोव्यात राहून डेव्हलपर व्हायचं तर पणजी, पर्वरीच्या थोड्या लहान कंपन्या, एवढंच दिसायचं. दोनापावलाला आयटी हॅबिटॅट होणार असं लहानपणी पेपरात वाचलेलं, त्याचं काम मध्येच थांबलं. त्यामुळे त्या चौकोनात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटायचंच नाही.

अभ्यास मी मनापासून केला, हे मी ठामपणे सांगते. ॲप्टिट्यूडचं मला कधी भय नव्हतं, कारण पाढे तोंडपाठ. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, त्यामुळे आजही बेरीज-गुणाकार माझ्या डोक्यात मराठीत होतो, सात नव्वे त्रेसष्ट म्हटल्याशिवाय ६३ येत नाहीत. कोडिंग मात्र वेगळं होतं. कॉलेजात प्रोग्राम चालला की मार्क, इथे चालून भागत नाही.

पहिल्या कंपनीच्या टेस्टमध्ये एक प्रश्न होता, आकड्यांची यादी दिलीय, त्यातल्या कोणत्या दोघांची बेरीज दिलेल्या आकड्याएवढी होते ते शोधा. मी पाच मिनिटांत लिहिलं, पहिला आकडा धरायचा, बाकी सगळ्यांशी जोडून बघायचा, मग दुसरा धरायचा. नमुन्याचे टेस्ट केस, म्हणजे कोड तपासायची उदाहरणं, पास. सबमिट केलं तर लपवलेल्या १० पैकी ४ फेल, वेळ संपली असा लाल शेरा. मला कळेचना, उत्तर तर बरोबर आहे. रात्री मैत्रिणीबरोबर कागदावर हिशेब केला. यादी १ लाख आकड्यांची असेल तर प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी म्हणजे जवळपास ५०० कोटी जोड्या. साधी गोष्ट असली तरी सेकंदाला साधारण १० कोटी धरायच्या, म्हणजे ५० सेकंद, आणि मुदत होती एका सेकंदाची. त्याऐवजी प्रत्येक आकडा बघताना, मला आता कोणता जोडीदार हवा होता आणि तो आधी येऊन गेलाय का, एवढंच विचारायचं आणि येऊन गेलेल्यांची नोंद हॅश मॅपमध्ये ठेवायची, म्हणजे विचारलं की लगेच सापडेल अशा यादीत. एकच फेरी, १ लाख पावलं. मी तो कागद बराच वेळ बघत बसले. तीन वर्षं शिकत होतो त्यातलं पहिल्यांदा काहीतरी माझं झालं, की बरोबर उत्तर आणि चालणारं उत्तर यांच्यात एवढं अंतर असतं. त्या रात्री मला ही कामं खरंच आवडतात हेही कळलं. नोकरीच्या पुढे जाऊन, म्हणजे कुणी पैसे नाही दिले तरी मी हा कागद केला असता.

त्या कंपनीत अर्थातच झालं नाही. दुसरीत टेस्ट पार केली आणि ऑगस्टमध्ये टेक्निकल इंटरव्ह्यू आला.

व्हिडिओ कॉल. समोर दोघं, एकाचा कॅमेरा बंद. आवाज चांगला, शांत. सर म्हणाले लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकाला पुढचा जोडलेली साखळी, उलटी करून दाखवा, शेअर्ड एडिटर उघडला. हा प्रश्न मी वीसेक वेळा लिहिला होता. मी लिहायला लागले. घरात सगळे श्वास रोखून बसलेले, पाऊस कौलांवर, आणि मी लिहितेय. एक-दोन मिनिटांनी सर म्हणाले, तुम्ही आहात ना? मी येस सर म्हटलं आणि परत लिहायला लागले. पुढे त्यांनी विचारलं की काय करताय ते जरा सांगाल का. आणि माझं सगळं थांबलं. कारण डोक्यात जे चाललं होतं ते मराठीत होतं, आणि मराठी म्हणजे वाक्यंसुद्धा नाहीत, हाताने दाखवण्याची भाषा, ह्याचा हात धर, आता मागच्याकडे वळव, पुढचा हरवू देऊ नको. त्याचं इंग्रजी करायला गेले तर शब्द आले ते पुस्तकातले, आणि पुस्तकात तर फक्त व्याख्या. मी दोन वाक्यं बोलले, ती तुटली, सॉरी सर म्हटलं, परत लिहिलं. कोड पूर्ण केला, चालवला, बरोबर आला. मग नॉर्मलायझेशन विचारलं, म्हणजे डेटाबेसमधली माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून वेगवेगळ्या तक्त्यांत कशी वाटायची ते, मी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या नॉर्मल फॉर्मच्या व्याख्या म्हणून दाखवल्या. उदाहरण द्या म्हणाले. पुस्तकातलं विद्यार्थी-विषय-शिक्षक दिलं, त्यावर त्यांनी एक उलट प्रश्न विचारला आणि मी गप्प.

दुसऱ्या दिवशी यादी आली, माझं नाव नव्हतं. आमच्या वर्गातला एक मुलगा होता त्यात, ज्याचा कोड अर्धाच झाला होता हे त्याने स्वतःच आम्हाला सांगितलं होतं. मला फार लागलं ते. मी रडले, खरंच रडले, पडवीत बसून, आणि मनात एकच धरून बसले की आपलं इंग्रजी कमी पडलं, मराठी शाळेतल्या पोरीचं असंच होणार.

बाबा पायरीवर बसलेले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, ‘तू लिहीत होतीस तेव्हा त्याला काय दिसत होतं?’ मी म्हटलं, स्क्रीन दिसत होती, मी लिहीत होते ते. ‘आणि ऐकू काय येत होतं?’ काही नाही, मी गप्प होते. तर म्हणाले, ‘मग त्याने ब्रेक मारला.’

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय, पण लिहून पहिल्यांदाच ठेवतेय. धक्क्यावर ट्रक मागे घ्यायचा असतो तेव्हा ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, आरशात बाजू दिसतात, बरोबर मागे पाणी आहे की माणूस आहे हे दिसत नाही. मागे क्लीनर उभा असतो आणि तो सारखा बोलत असतो, येऊ दे, येऊ दे, डावीकडे, अजून, अजून, येऊ दे, हाताने बॉडीवर थापा मारत. त्याला काही मोठं शहाणपण सांगायचं नसतं. तो फक्त बोलणं थांबवत नाही. आणि बाबा क्लीनर असताना त्यांच्या ड्रायव्हरने पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता, तू गप्प झालास की मी ब्रेक मारणार. मागे सगळं ठीक असलं तरी मारणार. कारण तू गप्प आहेस म्हणजे ठीक आहेस की पाण्यात पडलायस हे मला पुढे बसून कसं कळणार?

‘चुकीचं बोललास तर चालतं,’ बाबा म्हणाले. ‘डावीकडे म्हणायचं ते उजवीकडे म्हटलं, परत सुधारता येतं. गप्प बसलास तर नाही.’

मी त्या गोष्टीवर नंतर खूप विचार केला. सोळा वर्षं मी ज्या ज्या परीक्षेत मार्क मिळवले ती प्रत्येक परीक्षा गप्प बसून द्यायची होती. वर्गात गप्प बसणारी मुलगी गुणी. पेपर लिहिताना ओठ हलले तरी मॅडम जवळ येऊन उभ्या राहायच्या. पाचवीत जूनच्या एका सोमवारी सगळे विषय इंग्रजीत झाले तेव्हा तर आम्ही आणखीच गप्प झालो, कारण उत्तर येत असलं तरी वाक्य येत नव्हतं, आणि चुकीचं वाक्य बोलण्यापेक्षा न बोलणं बरं, हे त्या वर्षी अंगात मुरलं. इंग्रजी कमी होतंच माझं, पण इंटरव्ह्यू त्याने गेला नव्हता. समोरच्या दोन माणसांना पाच मिनिटं मी कुठे आहे हेच कळलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही ब्रेकच मारला असता.

मग मी आणि ती मैत्रीण रोज रात्री ९ वाजता गूगल मीटवर बसायला लागलो. नियम एकच, तोंडाने बोलल्याशिवाय टाइप करायचं नाही. सुरुवातीला भाषा कोणतीही. मी तिला लिंक्ड लिस्ट कोंकणी-मराठीत सांगितली, की बघ, हे सगळे एका रांगेत पुढच्याचा हात धरून उभे आहेत, रांग उलटी करायची, तर आधी पुढच्याचा पत्ता कुठेतरी लिहून ठेवायचा, मगच हात सोडायचा आणि मागच्याचा धरायचा. आधी हात सोडलास तर पुढची सगळी रांग गेली, परत सापडणार नाही. तीनदा असं बोलल्यावर चौथ्यांदा ते इंग्रजीत आपोआप आलं, मोडकंतोडकं, पण माझं. पाठ केलेलं इंग्रजी प्रश्न थोडा वळवला की संपतं, हे संपत नव्हतं.

नॉर्मलायझेशनसाठी मी बाबांची ट्रिपांची वही काढली. लाल बांधणीची जाड वही, प्रत्येक ट्रिपेची एक ओळ, तारीख, ट्रक नंबर, मालकाचं नाव, मालकाचा फोन, कुठला धक्का, किती टन. बाबा काही वर्षं दुसऱ्यांच्या ट्रकांचाही हिशेब ठेवायचे, त्यामुळे एकाच मालकाचं नाव आणि फोन शेकडो ओळींत. मी बाबांना विचारलं मालकाचा फोन बदलला तर काय करायचात? म्हणाले, पुढच्या ओळीपासून नवा लिहायचो, मागचे कोण बदलत बसणार. म्हणजे एकाच वहीत एकाच माणसाचे दोन फोन, कोणता खरा ते वहीला माहीत नाही. हीच ती अपडेटची गडबड, जी पुस्तकात अवघड इंग्रजी नावाने होती! फोन ट्रिपेवर अवलंबून नाही, मालकावर आहे, मालक ट्रकावर आहे. मग मालकांची वही वेगळी, ट्रकांची वेगळी, ट्रिपांची वेगळी, ट्रिपेच्या ओळीत फक्त ट्रक नंबर. बाबांना हे सांगितलं तर त्यांना ते लगेच पटलं आणि ते म्हणाले की आमच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात असंच होतं, तीन रजिस्टरं.

९ सप्टेंबरची टेस्ट मी बॅटरीवर दिली ती पार झाली. बॅलन्स्ड ब्रॅकेटचा एक प्रश्न, म्हणजे उघडलेला प्रत्येक कंस नीट बंद झालाय का ते बघायचं, तो सुटला, दुसरा निम्मा. मध्येच बाहेर काकांनी घंटा बांधताना वाजवली आणि माझ्या पोटात गोळा आला की माइक पकडेल, पण काही झालं नाही. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा माटोळी पूर्ण बांधून झाली होती.

इंटरव्ह्यू महिन्याच्या शेवटी. या वेळी समोर एक मॅडम. त्यांनी लिस्टमध्ये गोल तयार झालाय का ते शोधायला सांगितलं, म्हणजे शेवटचा नोड, रांगेतला शेवटचा, परत मधल्याच कुणाला तरी जोडलाय का. मी बोलायला लागले. बोलता बोलता म्हटलं की प्रत्येक भेटलेल्या नोडची नोंद ठेवते, तो परत भेटला तर गोल आहे. त्या म्हणाल्या, जागा जास्त न वापरता? मी अडकले. खरंच अडकले. पण या वेळी अडकले तेही बोलून दाखवलं, की मॅडम मी इथे अडकलेय, एकाच पॉइंटरने, म्हणजे रांगेवरून फिरणाऱ्या एकाच बोटाने, मला आपण परत तिथेच आलोय हे कळणार नाही, काहीतरी दुसरं तुलना करायला हवं. त्या म्हणाल्या, दुसरं म्हणजे काय असू शकेल? आणि तेवढ्यावर मला सुटलं, दोन पॉइंटर, एक एक पाऊल, एक दोन पावलं, गोल असेल तर वेगवान हळूला गाठणारच. आता विचार केला तर त्यांनी मला सरळ हिंट दिली होती. पण ती कुठे द्यायची हे त्यांना कळलं, कारण मी कुठे आहे ते मी सांगितलं होतं. मग नॉर्मलायझेशन आलंच, आणि मी ट्रिपांची वही सांगितली. मॅडमनी लिहिणं थांबवून विचारलं की ही वही खरीच आहे का. मी म्हटलं हो, आत्ता बाहेरच्या कपाटात आहे.

एचआर राउंड त्याच दिवशी दुपारी. स्वतःबद्दल सांगा, घरी कोण कोण, पाच वर्षांनी कुठे असाल. आणि, तुम्ही रिलोकेट व्हायला तयार आहात का, बहुतेक पुणे. मी अर्ध्या सेकंदात हो म्हटलं.

दार त्या दिवशी पूर्ण लावलेलं नव्हतं. बाबा स्वयंपाकघरात होते, आईला खोबरं किसून देत होते. रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘पुण्याची बस रात्रीची ना?’

मी त्या क्षणापर्यंत घरात एकदाही म्हटलं नव्हतं की मी जाणार. सहा फॉर्मांत टिक केलं होतं, अनोळखी माणसाला हो म्हटलं होतं, आणि ज्यांच्या बॅटरीवर ती टेस्ट दिली त्यांना ते अर्ध्या उघड्या दारातून, इंग्रजीत ऐकू आलं होतं. दोन महिने मी रोज रात्री न थांबता बोलायची सवय करत होते आणि ही एक गोष्ट मी बोलले नव्हते. बाबांनी ब्रेक मारला नाही, पण त्यानंतर काही दिवस ते जरा जपून बोलायचे माझ्याशी, पाहुणीशी बोलल्यासारखे.

ऑफर वर्षाला ३ लाख ६० हजारांची. बाबांनी विचारलं महिन्याला हातात किती, आणि मला सांगता आलं नाही. मग ते पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं. बेसिकच्या १२ टक्के पीएफ आपला कापला जातो तो जातोच, पण कंपनीने भरायचा १२ टक्केही त्याच ३ लाख ६० हजारांत मोजलेला, ग्रॅच्युइटी त्यात, वर्षाअखेरचा व्हेरिएबल त्यात. बारा भाग केले तर ३० हजार, हातात येणार २५ च्या आसपास. ही गोष्ट कॉलेजात कुणीतरी फळ्यावर एकदा मांडून दाखवायला हवी असं मला अजून वाटतं, कारण पोरं त्या मोठ्या आकड्यावर घरची कर्जं ठरवतात.

आणि मग वाट बघणं. २०२२ च्या जुलैला डिग्री संपली. जॉइनिंगची तारीख आली नाही. कंपनीचं नाव घेत नाही, त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी हेच चाललं होतं, एका वर्षी भरभरून घेतले आणि पुढच्या वर्षी काम आटलं. मेल पाठवला की ठरलेलं उत्तर यायचं, लवकरच कळवू. ऑगस्ट, चवथ, दिवाळी. वाड्यावर सगळ्यांना पेढे वाटून झालेले आणि प्रत्येक जण विचारायचा कधी जातेस. तेव्हा मला पहिल्यांदा बाबांची ती रविवारची दहा मिनिटं कळली. काम नाही, पण इंजिन चालू करून बघायचं, थंड पडू द्यायचं नाही. मी पणजीत एका लहानशा ऑफिसात सहा महिने काम केलं, हॉटेलांच्या वेबसाइटी सांभाळायच्या, ८ हजार मिळायचे. तिथे गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकले, दुसऱ्याचा जुना कोड न मोडता बदलायला शिकले, आणि एकदा एका हॉटेलचं बुकिंग पान माझ्या चुकीने तासभर बंद पडलं तेव्हा लगेच उठून सांगायला शिकले. मार्च २०२३ मध्ये पत्र आलं. पुणे.

ट्रक त्याच वर्षी भंगारात गेला. खाणी लिलावात नव्याने गेल्या होत्या, पुन्हा सुरू होणार अशी बोलणी चालू होती, पण तोवर ट्रकचं वय झालं होतं. बॅटरी बाबांनी ठेवून घेतली. राउटर अजून तिच्यावर चालतो लाइट गेली की.

आता मी सुट्टीत घरी असले किंवा पुण्यात असले तरी रविवारी संध्याकाळी गोव्यातल्या ज्युनिअर मुलामुलींचे मॉक इंटरव्ह्यू घेते, दोघा-तिघांचे. सुरुवातीलाच सांगते, कोणत्याही भाषेत बोला, पण थांबू नका. मागच्या महिन्यात सत्तरी तालुक्यातली एक मुलगी होती, हुशार, डेडलॉकच्या, म्हणजे दोन प्रोग्राम एकमेकांसाठी अडून बसतात त्याच्या, चार अटींपैकी तीन तिने मराठीत अशा समजावल्या की मला नव्याने कळल्या, दोन गाड्या अरुंद पुलावर समोरासमोर, कुणी मागे जायला तयार नाही. शेवटच्या अटीपाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘ताई, एक विचारू? फॉर्ममध्ये ते रिलोकेटचं असतं, त्याला हो टाकायचं ना?’

मी म्हटलं, ‘घरी बोललीस?’

‘नाही. ऑफर आल्यावर सांगणार.’

‘आधी सांग.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा बागायतीत गेलेत, पंप चालू करायला. आले की बोलते.’ आणि आम्ही परत डेडलॉककडे वळलो, चौथी अट राहिली होती.